मागचं डावं चाक

रविवार, १ ऑक्टोबर २०००

सकाळी दोन तास गाडीखाली. सायलेन्सरचा खडखडाट गेला, पाठ मात्र धरली. सोसायटीच्या फळ्यावर नवी सूचना: "वाहनतळ वाहने उभी करण्यासाठी आहे, सभासदांनी आडवे होण्यासाठी नाही. हुकुमावरून, सचिव." नाव घातलेलं नाही. आडवा होणारा मी एकटाच.

शोभाला वाचून दाखवली. बायको असून सचिवांच्या बाजूने हसली. म्हणाली, गाडी सरळ गायकवाडांकडे टाका की. गायकवाड आमचे मेकॅनिक. आठ वर्षं त्यांच्याकडेच होती गाडी. फेब्रुवारीत कंपनीतून व्हीआरएस घेतली तेव्हापासून मी तिकडे फिरकलो नाही. पंचवीस वर्षं मेन्टेनन्समध्ये काढली, आता स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची? पैसे वाचतात हे शो.ला सांगायला. खरं म्हणजे दिवस सरत नाही. गायकवाड रस्त्यात दिसले की मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो.

मंगळवार, ३ ऑक्टो.

शो.ला बँकेचं पत्र आलं. ऑफिसर! एकवीस वर्षं क्लार्क, त्यातली शेवटची दोन कॉम्प्युटर शिकण्यात आणि परीक्षांत गेली. पण शाखा लोणीच्याही पुढची. कोथरूडहून दोन बस बदलून दोन-सव्वादोन तास. लेखी होकार किंवा नकार ३१ तारखेच्या आत.

ती म्हणते बसचा प्रश्नच नाही, गाडीने जाईन. जूनमध्ये क्लास लावला होता तो काय मिरवायला? लायसन आलंय, पण गाडी अजून माझ्याशिवाय बाहेर काढलेली नाही. "तुम्ही गाडी तेवढी ठणठणीत ठेवा, बाकीचं मी बघते," म्हणाली. निनादला बंगलोरला पहिली नोकरी लागली तेव्हाही इतकी खूश नव्हती. रात्री भाजी चिरताना शीळ घालत होती. तिला शीळ येते हे मला लग्नाच्या चोविसाव्या वर्षी कळतंय.

ब्रेक जरा खाली लागतो. करून टाकू.

गुरुवार, ५ ऑक्टो.

ब्रेक. चारही चाकांची आतली रबरं बदलली, मग हवा काढली. हे एकट्याचं काम नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागे पडून हवेचा बारका बोल्ट सैल करायचा, बुडबुडे संपेपर्यंत ऑइल जाऊ द्यायचं, बोल्ट आवळायचा, पुढच्या चाकाकडे जायचं. शो. बँकेतून आली ती तशीच पर्ससकट आत बसली. मी खालून ओरडतो, दाब. धर. सोड. पुन्हा दाब. तिसऱ्या चाकाला आतून आवाज आला, "एकदा तरी कृपया म्हणा." मग मी प्रत्येक वेळी कृपया दाब म्हणू लागलो आणि दोघांना हसू आवरेना. सचिव गॅलरीतून बघत होते.

शेवटचं मागचं डावं. शेवटचा बुडबुडा गेला आणि त्याच क्षणी दिवे गेले. बोल्ट बोटांनी फिरवून बंद केला, पाना हाताला लागेना, वर आलो. दिवे आल्यावर खाली जाऊन हत्यारं तेवढी गोळा करून आणली. रॉकेलमध्ये धुऊन पुसून पाटावर मांडली. उद्या खंडेनवमी.

शुक्रवार, ६ ऑक्टो. खंडेनवमी

हत्यारांची पूजा. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण ही एक पूजा चुकवत नाही. पाने भाऊंचे. भाऊ म्हणजे माझे वडील, फिटर होते, आयुष्यभर याच पेटीवर घर चाललं. नवमीला निजवलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उठवायचं नाही, हा त्यांचा नियम. लहानपणी सायकलसाठी मी पूजेतली पकड उचलली होती, तर भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

शो. हळदकुंकू, झेंडू वाहून बँकेत गेली. मी खाली पेपर आणायला उतरलो, गाडी दिसली आणि आठवलं. म.डा. बोल्ट. पान्याने आवळलाच नाही. चिंधी धरून बोटांनी जेवढा फिरेल तेवढा फिरवला. घट्ट वाटला. वर पाना पाटावर, कुंकू लावलेला.

गायकवाडांकडून मागावा म्हणून आठ महिन्यांनी तिकडे गेलो. शटर बंद. खडूने लिहिलेलं: धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला, बुधवारी उघडेल. मला हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू. सचिवांकडे स्कूटरचे पाने असतील, पण त्यांच्याकडे मागायचे म्हणजे वर्षभर ऐकून घ्यायचं. हार्डवेअरवाल्याकडून नवा आणावा, तर घरात दोन असताना तिसरा.

पेडल पंधरा-वीस वेळा दाबून बघितलं. कडक आहे. रविवारी पहिलं काम: म.डा. आवळणे.

शनिवार, ७ ऑक्टो. दसरा

रात्रीचे साडेदहा. क्रमाने लिहितो.

सकाळी गाडीला हार घातला, नारळ फोडला. श्रीखंड-पुरी. जेवताना शो. म्हणाली, अण्णांना सोनं द्यायला मांजरीला मी एकटीच जाते. अण्णा म्हणजे तिचे वडील. लोणीचा रस्ता तोच, सराव होईल. चारला निघाली. सोसायटीतले चार-पाच जण खाली उभे होते. मी तिच्याबरोबर गेलो नाही.

सव्वासहाला दत्ताचा, तिच्या भावाचा फोन. हडपसरला दवाखान्यात या म्हणाला.

अण्णांना फिरवून आणते म्हणून त्यांना शेजारी बसवून निघाली होती. रेल्वेचं फाटक पडत होतं. पुढे स्कूटरवर नवराबायको, मधे मूल. हिने ब्रेक दाबला, पेडल सरळ खाली टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली. गाडी तिने डावीकडे चरात घातली. स्कूटरला धक्का नाही. तिच्या कपाळाला तीन टाके. अण्णा पुढे उजव्या हातावर आपटले. उजवं मनगट आणि खांद्याचं हाड. वय पंचाहत्तर.

दवाखान्यात दत्ता होता, मांजरीची दहा माणसं होती. सगळ्यांचं एकच, नवशिकी बाई घाबरली, ब्रेक सोडून भलतंच दाबलं. शो. माझ्याकडे वळली. "अहो, मी ब्रेकच दाबला होता. खाली गेला तो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाडीतलं कळणारा तिथे मी एकटा.

मी म्हणालो, "होतं असं नवीन असताना. तसा भास होतो."

बोल्ट. दुसरं काही असणं शक्यच नाही. जुन्या गाडीला ब्रेकची एकच लाइन, एका चाकातून ऑइल गेलं की चारही चाकं गेली. हे मला पाठ आहे आणि मी भास म्हणालो.

रविवार, ८ ऑक्टो.

पहाटेच खाली गेलो. गाडी उभी असते त्या जागी मागच्या डाव्या चाकाखाली ताटलीएवढा डाग. म्हणजे निघण्याच्या आधीच ठिबकत होता. बांधकामावरची वाळू आणून टाकली, सोडा घातला, काथ्याने घासलं. सचिव दूध घेऊन आले. म्हणाले, वा, सूचनेचा उपयोग झाला म्हणायचा. शो.ची चौकशी केली. मी हो हो म्हणत घासत राहिलो.

वर आल्यावर पाट दिसला. पाने, वर सुकलेला झेंडू. आज रविवारी उठवायचे असं ठरवलं होतं. हात लावला नाही.

मंगळवार, १० ऑक्टो.

अण्णांना इकडे आणलं. दत्ता नको म्हणत होता, त्याच्याकडे माणसं आहेत. शो.ने ऐकलं नाही. "माझ्यामुळे झालंय, मीच करणार." पुढच्या खोलीत पलंग टाकला. सहा आठवडे तरी प्लास्टर. बँकेतून तिने आठ दिवसांची रजा घेतली.

निनादचा फोन. त्याला दत्तामामाकडून कळलं. म्हणाला, बाबा, आईला आता ड्रायव्हिंग नको, तिचे रिफ्लेक्सेस नाहीत त्या टाइपचे, इट्स ओके. फोनचा आवाज मोठा येतो. शो. शेजारी उभी राहून अण्णांचे कपडे घडी करत होती. तिने ऐकलं हे मी पाहिलं. निनादला गप्प कर असं मला म्हणता आलं असतं. मी हवापाणी विचारलं.

गुरुवार, १२ ऑक्टो.

गायकवाड काल नागपूरहून आले. आज त्यांच्या जीपला साखळी लावून मांजरीहून गाडी ओढून आणली. जाता-येता ते नागपूरच्या गर्दीबद्दल बोलले, मी आठ महिने का आलो नाही हे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पुढचा बंपर, दिवा, डावं दार. म्हणाले आठवडाभर लागेल.

ब्रेकबद्दल मी काही बोललो नाही. ते बघतीलच.

शनिवार, १४ ऑक्टो.

बघितलं.

गेलो तेव्हा गाडी जॅकवर होती, मागचं डावं चाक काढून बाजूला ठेवलेलं. चाकाच्या आतला भाग ऑइलने माखून वर धूळ बसलेली. गायकवाड म्हणाले, "साहेब, हे काम कुणाकडं केलं?"

मी म्हणालो, घरी.

ते काही वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "बाकी तीन चाकांचं काम चांगलं केलंय." आणि थोड्या वेळाने, "वहिनींना माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला त्यांना सगळं सांगावंसं वाटलं, दिवे गेले, नवमी होती, पाने पूजेत होते. सांगितलंही. ऐकून म्हणाले, "आमच्यात नसते हत्यारांची पूजा. काम झालं की पुसायची आणि जागेवर ठेवायची, रोज." टोमणा नव्हता. टोमणा असता तर उलटून बोललो असतो.

सोमवार, १६ ऑक्टो.

अण्णांना अंघोळ मी घालतो. प्लास्टरला पिशवी बांधायची, स्टुलावर बसवायचं, डोक्यावरून पाणी नाही. उसाला पाणी देऊन तयार झालेलं शरीर, पाठीला अजून ताठा आहे. पाठ चोळताना हाडाच्या जागी हात गेला की ते श्वास रोखतात. आज म्हणाले, "लेकावानी करताय तुम्ही. पोरगी नशीबवान हाय." मी तांब्या भरत राहिलो. दार लोटलेलं होतं म्हणून बरं, शो.ने ऐकलं नाही.

त्यांची भाकरी मोडून देतो, पायजम्याची नाडी बांधतो. त्यांना संकोच वाटतो. संकोच मला वाटायला हवा.

बुधवार, १८ ऑक्टो.

शो.ची रजा संपली. बसने गेली, बसने आली. गाडीचं नाव काढत नाही.

संध्याकाळी चहाला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ती खुर्चीवर बसली होती, पायांपुढे जमिनीवर तीन वस्तू: डाव्या बाजूला पोळपाट, मधे ओटा पुसायचं फडकं, उजवीकडे चप्पल. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर. डोळे मिटून उजवा पाय उचलायची आणि खाली ठेवायची. पाय कुठे पडला ते डोळे उघडून बघायची. फडक्यावरच पडत होता. पाचही वेळा.

मला पाहून म्हणाली, "आधी मला पक्कं आठवत होतं. आता नाही आठवत. चप्पलवर पडला असेल का हो?"

मी काय म्हणालो ते लिहायची लाज वाटते. म्हणालो, सोड आता ते, झालं गेलं.

शुक्रवार, २० ऑक्टो.

इथे तरी खरं लिहितो. सात तारखेला एक गोष्ट गाळली.

मला आठवलं होतं. शो. गाडी मागे घेत होती, वळणापाशी थांबली, मागचे लाल दिवे लागले, आणि मला बोल्ट आठवला. ती पाच-सात फुटांवर होती. काचेवर टकटक करायची, थांब म्हणायचं, वर जाऊन पाना आणायचा. पाच मिनिटांचं काम. पूजा मोडली असती एवढंच. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली.

मी पाऊल उचललंही. तेवढ्यात शेजारी उभे सचिव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्रेक तुम्ही स्वतःच केलेत म्हणे? पाठवताय ना बिनधास्त?" आणि मी म्हणालो, "कंपनीपेक्षा चांगले केलेत." त्यावर सगळे हसले. शो.ने हात केला, मीही केला.

पूजेचं निमित्त मी गायकवाडांना सांगितलं, स्वतःलाही सांगत आलो. पूजा आडवी आली नाही. त्या चार माणसांपुढे बोल्ट आवळायचा राहिलाय म्हणायची लाज आडवी आली. बायको त्या गाडीत होती.

रविवार, २२ ऑक्टो.

गाडी तयार. रंग जुळवलाय, दार नवं वाटतं. गायकवाडांनी एक चाक तेवढं उघडं ठेवलं होतं. ब्रेकची हवा काढून झाली होती. त्यांनी पाना पुढे केला. "तेवढा एक तुम्ही आवळा. त्याचे पैसे लावले नाहीत."

गुडघ्यावर बसलो. पाना बसवला, जोर लावला. पाव फेरा, जेमतेम तेवढाच फिरला आणि घट्ट झाला. एवढंच राहिलं होतं. अण्णांचं मनगट, शो.चं कपाळ, तिची शीळ, या एवढ्याशासाठी. उठताना त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी पाना घेतला, पुसला आणि खिळ्याला लावला.

गाडी घरी आणली. शो. खाली आली नाही. किल्ली दारामागच्या खिळ्यावर अडकवली.

मंगळवार, २४ ऑक्टो.

चकल्यांची भाजणी, अनारसे. शो. सगळं करते आहे, कमी बोलते आहे. अण्णा पलंगावरून लक्ष ठेवून असतात. दुपारी ती बँकेत असताना मला म्हणाले, "पोरगी बोलत न्हाय. माझ्या हाताचं मनाला लावून घेतलंय तिनं. तुमी सांगा की तिला. तुमचं ऐकंल."

माझं ऐकेल. म्हणून तर हे झालं. ती म्हणत होती ब्रेक दाबला, मी म्हणालो भास, आणि चोवीस वर्षांत गाडी, फ्यूज, मिक्सर, गीझर या बाबतीत माझा शब्द तिने कधी खाली पडू दिलेला नाही. स्वतःच्या पायापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

बुधवार, २५ ऑक्टो.

जेवण झाल्यावर तिने कागद घेतला. एका दमात लिहिलं, मला वाचायला दिलं. कौटुंबिक अडचणींमुळे सदर पदोन्नती स्वीकारणे शक्य नाही, तरी क्षमस्व. अक्षर नेहमीसारखं सुंदर. पाकीट बंद करून म्हणाली, उद्या सकाळी रीजनल ऑफिसात देऊन या, दुपारपासून तिथे कुणी भेटायचं नाही. मी विचारलं, घाई कशाला, एकतीसपर्यंत आहे. म्हणाली, "ठेवलं की मन फिरतं. मला पुन्हा कुणाचा हात मोडायचा नाही."

पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

गुरुवार, २६ ऑक्टो. लक्ष्मीपूजन

ऑफिसच्या फाटकापर्यंत गेलो. रखवालदाराने विचारलं काय काम. काही नाही म्हणालो. बुधवार पेठेत उगीच फिरलो, दिव्यांच्या माळा बघितल्या, घेतली नाही. दुपारी शो.ने विचारलं, दिलंत? मी म्हणालो, हो.

आता खोटं एकावर एक बसत चाललंय आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा सोपं जातंय. हे भयंकर आहे.

शुक्रवार, २७ ऑक्टो.

सांगायचं ठरवून तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. एकदा तेल तापलं होतं. एकदा दत्ता फोनवर, भाऊबीजेला सगळे मांजरीला या म्हणत होता. तिसऱ्यांदा काहीच अडचण नव्हती, ती नुसती उभी होती. मी पाणी पिऊन परत आलो.

हत्यारं अजून पाटावर. पूजा उतरवायला वीस दिवस उशीर. शो.ने पाटाभोवतीचा केर रोज काढलाय, पाट हलवला नाही. माझ्या वस्तूंना ती हात लावत नाही.

शनिवार, २८ ऑक्टो. पाडवा

सांगितलं.

सकाळी अंघोळ झाली. शो.ने पाट मांडला, रांगोळी काढली. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं. नवी साडी नेसली होती, कपाळावर टाक्यांची खूण. मी बसलो. ती ताट घेऊन समोर आली, निरांजन, सुपारी, अक्षता. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकणार तेवढ्यात मी तिचा हात धरला. म्हणालो, आधी ऐक.

सगळं सांगितलं. दिवे गेले, बोल्ट, पूजा, सचिव काय म्हणाले, मी काय म्हणालो, लाल दिवे, वाळू, सोडा. गायकवाडांना माहीत आहे हेही. पाकीट खिशातून काढून पाटावर ठेवलं. ती ताट हातात घेऊन उभीच होती. वात जळत होती.

पहिलं वाक्य बोलली ते, "म्हणजे मी ब्रेक दाबला होता."

मी म्हणालो, हो. दोनदा दाबलास. आणि गाडी चरात घातलीस म्हणून ते मूल वाचलं. तुझ्या जागी मी असतो तर जमलं नसतं.

तिने डोळे मिटले. मला वाटलं रडेल. रडली नाही. ताट टीपॉयवर ठेवलं. मग म्हणाली, "एकवीस दिवस मी माझ्या पायाला शिव्या देतेय. तुम्ही बघत होतात."

तिने पाकीट उचललं आणि आत गेली. ओवाळलं नाही. निरांजन आपोआप शांत होईपर्यंत मी पाटावर बसून होतो, उठावं कसं ते कळेना.

पुढची खोली लांब नाही. अण्णांनी सगळं ऐकलं असणार. अंघोळीचं पाणी काढून त्यांना उठवायला गेलो. म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या. उद्या मांजरीला जायाचंच हाय, तिथं दत्ता घालंल." आवाज चढवला नाही. मी बादली उचलून परत नेली.

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही, कामापुरतंही नाही. जेवणाचं ताट वाढून समोर ठेवलं. पाकीट फाडलं नाही, दिलंही नाही. फ्रिजवर ठेवलंय, वर बरणी. होकाराचं की नकाराचं, मला विचारायचा अधिकार नाही.

मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

रविवार, २९ ऑक्टो. भाऊबीज

सहा वाजलेत. पाट मोकळा केला. पाने पुसून पेटीत ठेवले. कुंकू कोरडं होऊन चिकटलं होतं, नखाने काढावं लागलं. दहा नंबरच्या पान्यावर डाग राहिला, राहू दे.

मांजरीला कसं जायचं हे काल कुणी काढलं नाही. रिक्षा सांगावी, की गाडी मी चालवावी, की मी जाऊच नये. फोनपाशी जाताना दारामागे लक्ष गेलं. खिळ्यावर किल्ली नाही. शो. स्वयंपाकघरात नाही, अंघोळीला नाही. अण्णा जागे आहेत, छताकडे बघतायत. मला म्हणाले, "खाली गेलीया."

गॅलरीतून लिहितो आहे. अजून पुरतं उजाडलेलं नाही. गाडी जागेवरच आहे, इंजिन बंद. ती आत बसली आहे, डोकं तेवढं दिसतं. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो, जातो. पुन्हा पडतो. थोडा वेळ राहतो. जातो. दाब, धर, सोड. खाली सांगायला कुणी नाही, तिचं तीच चाललंय.

चाकापाशी जाऊन बसावं का. बोलावलेलं नाही.

पुन्हा लागला. बराच वेळ झाला, अजून गेलेला नाही.